जानेवारी निरंक

१

फाइल गेली होती. नोंदवहीत ती ठसठशीत अक्षरांत होती, "क्रमांक सात, जिनिंगमधील काम बंद, जानेवारी". कपाटात मात्र सहा होती, आठ होती आणि मध्ये बोटभर जागा होती. त्या जागेवर धूळ बसली होती, म्हणजे काल-परवाची ही चोरी नव्हे.

महामाया हिवाळे यांनी कपाटाचं दार आपटलं. बुलढाण्यातल्या त्या कार्यालयात (नाव नको, तिथल्या काही जणांची पेन्शन अजून व्हायची आहे) त्या सांख्यिकी सहायक होत्या. जिल्ह्यात कुठे काम बंद पडलं, किती माणसं बसली, किती दिवस बुडाले, हे मोजून वर कळवणं हे त्यांचं काम. वीस वर्षं मोजून मोजून त्यांचा स्वभाव तिरसट झाला होता आणि त्यात त्यांना स्वतःची काही चूक वाटत नव्हती.

"सापडली का मॅडम?" बाकावरून बेबीताईनं विचारलं.

"शोधून राह्यली न."

"सोमवारी तारीक हाय."

सोमवारी सुनावणीची तारीख आहे हे महामायांना पाठ झालं होतं. मोताळा-रोहिणखेड रस्त्यावरच्या शुभ्रलक्ष्मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, बेबीताईसकट त्रेसष्ट बाया कापसातला कचरा वेचायच्या. गेल्या जानेवारीत रुपाली नावाच्या पोरीचा पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला, पदरामागून हात गेला आणि दोन बोटं गेली. बाया म्हणाल्या, पट्ट्यावर जाळी बसवा, मग कामाला लागतो. जिनिंगनं सगळ्यांची नावंच कापली. कारण लिहिलं, "सूचना न देता नऊ दिवस गैरहजर". यंदाचा हंगाम भरात आला होता आणि पंचक्रोशीतली एकही जिनिंग या बायांना दारात उभं करत नव्हती. सूचना देऊन केलेला संप होता असं सोमवारी सिद्ध झालं, तर त्रेसष्ट जणी परत कामावर. नाही झालं, तर कायमच्या घरी. आणि ती सूचना होती फाइल सातमध्ये.

"पोच घेतली होती का, बेबीताई? शिक्का मारलेला कागद?"

"साहेबाच्या हातात देल्ला आमी कागद. मंग पोच कायले मांगाव? इस्वास नाई असं वाटलं असतं त्याइले."

महामायांनी कपाळावर हात मारला. आवक नोंदवहीत नऊ जानेवारीला नोंद होती खरी, पण काय, तर "बेबीताई तायडे व इतर, विषय: अर्ज". अर्ज कशाचा, रेशनचा की रस्त्याचा, देव जाणे.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. प्रतीक्षा नावाची संशोधक मुलगी देशोदेशींच्या संपांचा तक्ता करत होती आणि दोन महिने महामायांच्या मागे लागली होती.

"मॅडम, तुमचा जिल्हा पुन्हा शून्यच दिसतोय. नक्की ना?"

"तुमच्या बाकीच्या देशांचं जमलं का?"

"कुठलं जमतंय! अमेरिकेच्या मोठ्या यादीत यायला हजार माणसं लागतात. ब्रिटन दहाच्या आतला संप सहसा धरत नाही. डेन्मार्कला एकूण शंभर दिवस बुडावे लागतात. कोणी मालकाला विचारतं, कोणी युनियनला, कोणी वर्तमानपत्रांची कात्रणं काढतं. ज्या देशात आकडा कमी, तिथे लोक सुखी आहेत की मोजणारा झोपलाय, तेच कळत नाही."

"तुम्ही देश घेऊन बसलात. इथे मला एक जिनिंग मोजता येईना," म्हणत महामायांनी फोन ठेवला.

टेबलावर जिनिंगच्या वकिलानं जोडलेली एक प्रत पडली होती. माहितीच्या अधिकारात वरच्या कार्यालयातून काढलेला तो जिल्ह्याचा मासिक अहवाल. "जानेवारी. संप: निरंक. टाळेबंदी: निरंक." खाली पाच फेब्रुवारी ही तारीख आणि तेव्हाचे साहेब अर्जुनराव यांची सही. निरंक म्हणजे सांगण्यासारखं काही घडलं नाही. सरकारी कचेरीत याहून लाडका शब्द नाही.

जानेवारी ते मार्च हे तीन महिने महामाया इथे नव्हत्या. हातातली कामं हातावेगळी करून सहा जानेवारीलाच त्या मतदार याद्यांच्या कामावर गेल्या होत्या. म्हणजे त्यांच्या पाठीमागे कुणीतरी संप झालाच नाही असं कळवलं होतं, आणि झाला होता हे सांगणारी फाइल गायब केली होती.

२

गुरुवारी सकाळी त्या एसटीनं जिनिंगवर गेल्या. आत शिरताच त्यांना दिसलं ते यंत्र, आणि पट्ट्यावर बसवलेली नवीकोरी हिरवी जाळी. ज्या जाळीसाठी बाया घरी बसल्या ती जाळी आली होती, बाया तेवढ्या नव्हत्या. महामायांच्या मस्तकात तिडीक गेली.

व्यवस्थापक कुलदीप राजपूत गोड माणूस होता. त्यानं पंखा लावला, चहा सांगितला.

"संप म्हंजे कसं हाय मॅडम, युनियन पाह्यजे, झेंडा पाह्यजे, नोटीस पाह्यजे. इथं यातलं काई नाई. बाया आल्या नाई, बस. नऊ दिवस गैरहजर. बारा ते वीस जानेवारी."

"नऊही दिवस गेट उघडं होतं?"

"बारा ते पंधरा होतं न. सोळापासून आमीच बंद केलं, मेंटेनन्ससाठी. तसं रीतसर कळवलं बी तुमच्या साहेबाले..."

कुलदीप थांबला. चहा उगीच ढवळू लागला.

"पत्रानं कळवलं?"

"आता एवढं कोनाले आठवते मॅडम."

महामायांना मात्र लगेच हिशेब लागला. गेट यानंच बंद केलं, तर बंद गेटाबाहेरच्या बाया गैरहजर कशा? सोळा ते वीस हे पाच दिवस बायांचे नव्हते, मालकाचे होते. आणि हे सांगणारं पत्र याच्याच सहीनं फाइल सातमध्ये पडलेलं. फाइल नाहीशी व्हावी असं वाटणारा माणूस समोर बसून बिस्किटं पुढे करत होता.

त्या उठल्या. कुलदीप फाटकापर्यंत सोडायला आला आणि अगदी सहज म्हणाला, "थे फाइल नाई सापडली न मॅडम अजून?"

महामायांनी तिथे आल्यापासून फाइल हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

३

मोताळ्याला बाजार भरला होता. सहदेव मुकादम मिरच्यांच्या ढिगाशेजारी सापडला. जिनिंगला बाया पुरवणाऱ्या सात मुकादमांपैकी हा एक. त्याला बोलतं करायला महामायांना दोन वेळा चहा पाजावा लागला.

"माह्या टोळीत नऊ बाया. सातही जनाच्या नऊ-नऊच."

"नऊच काऊन? दहा काऊन नाई?"

"दहावी घेतली का रजिस्टरं ठेवा लागतात म्हने. मालकानंच शिकवलं होतं आमाले."

"मंग संप कोनी केला?"

"कायचा संप? माह्या नऊ आल्या नाई. पल्याडच्याच्या नऊ आल्या नाई. ज्याच्या त्याच्या नऊ."

महामायांना हसावं की रडावं कळेना. दहाच्या आतली माणसं थांबली तर तो संप मोजायचा नाही, असा त्यांच्याकडेही नियम होता. एका फाटकासमोर, एका जाळीसाठी, एकाच सकाळी त्रेसष्ट बाया बसल्या आणि कागदावर झाले नऊ-नऊंचे सात तुकडे. एकही तुकडा मोजण्याजोगा नाही! प्रतीक्षाच्या तक्त्यात अमेरिका हजारांवर अडली होती, मोताळा दहावर अडला होता. मालक म्हणतो शून्य दिवस, बेबीताई म्हणते नऊ, पेपरात छापलं होतं "बेमुदत", आणि हा गडी म्हणतो ज्याच्या त्याच्या नऊ. या आकड्यांची तुलना करायची आणि वर निष्कर्ष काढायचे, ही थट्टा नाही तर काय?

"एक कागद, एक मागणी, एक दिवस," त्या जवळजवळ ओरडल्याच. "सात संप कसे होतीन सहदेवभाऊ? एकच संप हाय थो!"

मिरच्या विकणारी बाई दचकून बघू लागली.

सहदेव ओशाळला. "माह्यावर काऊन बिघडता मॅडम? मी त बुलढाण्याले तुमच्या हापिसात पाय बी नाई ठेवला कधी. तुमचाच मानूस आला होता इथं. फेब्रुवारीत, बाजाराच्याच दिवशी. बगलेत जाड पाकीट. मले म्हने, तुह्या बाया शेतमजूरच म्हनायच्या न? मी म्हनलं, म्हना."

"कोन मानूस?"

"थो तुमचा आवक-जावकवाला न. इंद्रभानभाऊ."

४

इंद्रभान खर्चे आणि महामाया अठरा वर्षं एकाच खोलीत बसत होते. डब्यातली भाजी वाटून खाल्लेली. त्यामुळे शुक्रवारी सकाळी महामायांनी जावक नोंदवही तो जागेवर नसताना उघडली. दुपारी बाराला त्यांनी खुर्ची ओढली आणि इंद्रभानच्या टेबलासमोर मांडली.

"भाऊ, माहं ऐकून घ्या. चुकलं त सांगा."

इंद्रभाननं पेनाचं टोपण लावलं.

"पयली गोष्ट. निरंक अहवालावर तारीख पाच फेब्रुवारी आणि सही अर्जुनराव साहेबाची. साहेब चोवीस जानेवारीलेच बदलून गेले. पाच फेब्रुवारीले थे अकोल्यात होते, मंग सही कशी? म्हंजे कागद आधीच करून ठेवला होता. महिना सरायच्या आधी, संप व्हायच्याही आधी कदाचित."

इंद्रभान टोपण काढून पुन्हा लावू लागला.

"दुसरी. मले वाटलं फाइल कुलदीपनं उचलली. पन ज्याच्यापाशी फाइल हाय थो ‘सापडली का’ काऊन पुसन? मी आज पाह्यलं. त्यानं मार्चातच त्याचं सवताचं पत्र मांगलं होतं माहितीच्या अधिकारात, आणि ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर तुमीच देल्लं. फाइल नाई हे त्याले तवापासून मालूम हाय. म्हनून थो निवांत हाय."

"हाव," इंद्रभान पुटपुटला.

"तिसरी. तुमी कागद फाडत नाई. लग्नपत्रिका बी फाइल करता तुमी. फाइल हापिसात नाई आणि फाटली नाई, म्हंजे बाहेर गेली. आणि जे बाहेर जाते थे तुमी जावकात लेहल्याशिवाय जाऊच देत नाई." त्यांनी नोंदवही फिरवून पुढे सरकवली. "पाच फेब्रुवारी. एकशे अठरा, मासिक अहवाल. त्याच्याखाली बारीक अक्षरात कोंबलेला एकशे अठरा-अ. ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव वर्ग.’ कोनाले, थे तुमी लेहलं नाई. पन सहदेवले तुमी पुसलं, बाया शेतमजूर का? शेतमजूर असतीन त आपल्याकडचा विषयच नाई. शेतीवाल्याचा. फाइल मोताळ्याले शेतीच्या कचेरीत हाय, भाऊ."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

इंद्रभाननं दोन्ही हात जोडले. "मॅडम, हात जोडतो तुमाले. नोका जाऊ तिथं. सोमवार निघून जाऊ द्या."

"त्रेसष्ट बाया घरी बसल्या, भाऊ! काऊन नोका जाऊ? नोकरीचं भेव वाटते?"

"वाटते," इंद्रभान म्हणाला. "पन माह्या नोकरीचं नाई."

५

शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे शुक्रवारच हातात होता. महामाया तडक निघाल्या. इंद्रभान न बोलावता मागोमाग एसटीत चढला आणि मोताळ्यापर्यंत दोन सीट मागे बसून राहिला.

शेतीच्या कचेरीतल्या मंजुश्रीबाईंनी फाइल लगेच काढून दिली. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

"अकरा महिन्यांपासून पडून हाय मॅडम. जिनिंग काई आमच्यात येत नाई. ‘आमच्याशी संबंधित नाही’ असं पत्र बी टाइप करून ठेवलं होतं. पाठवाचं राहून गेलं."

महामायांनी व्हरांड्यात बसून दोरी सोडली. वर बायांची सूचना होती. आठ जानेवारीची तारीख, "जाळी बसवीपर्यंत बारा तारखेपासून काम बंद", त्रेसष्ट सह्या आणि अंगठे, कोपऱ्यात अर्जुनराव साहेबांचा शेरा. खाली कुलदीपचं पत्र होतं. "सोळापासून गेट बंद ठेवत आहोत." जिंकलो, असं त्यांना मोठ्यानं म्हणावंसं वाटलं.

मग तिसरा कागद आला. निरंक अहवालाची कार्यालयीन प्रत. वर जाणाऱ्या प्रतीवर फक्त साहेबांची सही असते, घरच्या प्रतीवर तयार करणाऱ्याचीही आद्याक्षरं असतात. ती डाव्या कोपऱ्यात होती. म. हि.

महामायांनी त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. आणि मग त्यांना सगळं आठवलं. पाच जानेवारीची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी याद्यांच्या कामावर हजर व्हायचं होतं. नाही तरी निरंकच असतं, दर महिन्याला निरंकच असतं, म्हणून त्यांनी तीन महिन्यांचे तीन अहवाल एका बैठकीत भरले होते. साहेबांनी फोन कानाला लावूनच तिन्हींवर सह्या केल्या होत्या. सगळेच करतात. त्यांना शिकवणाऱ्यानंही त्यांना हेच शिकवलं होतं, वेळेत जातो तो अहवाल चांगला. इतकी सवयीची गोष्ट, की तीन दिवस चोर शोधताना ती मनाला शिवलीसुद्धा नाही.

"तुमच्या ड्रावरातलं पाकीट मीच टपालात टाकलं," इंद्रभान खांबाशी उभा राहून सांगू लागला. "पाच तारीक आली का टाकाचं, तुमी सांगून गेल्या होत्या. संध्याकाळी ध्यानात आलं, अरे, जानेवारीत त संप झाला. दुरुस्ती पाठवली असती त खुलासा मांगला असता. तुमची बढती तोंडावर होती. म्हनून ही प्रत आत लावून फाइलच वर्ग करून टाकली. फाडली नाई मी."

"मले सांगाचं नाई?"

"कसं सांगू? तुमी त काल चोर पकडाले निघाल्या होत्या. काखेत कळसा अन् गावाले वळसा."

महामायांना त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. बढती झाली होती, जूनमध्ये. पेढे त्यांनी याच माणसाच्या हातून सगळ्यांना वाटले होते.

"मॅडम, तिसरा कागद काढून घ्या," इंद्रभान हळूच म्हणाला. "वरचे दोन पुरतात बायांले. कोनी पुसनार नाई."

६

सोमवारी सुनावणीत वरच्या दोन कागदांनी निम्मं काम केलं. कुलदीपला त्याचं पत्र दाखवल्यावर तो घाम पुसू लागला. पण त्याचा वकील कसलेला होता.

"गंमत बघा," तो म्हणाला. "अकरा महिन्यांनी अचानक फाइल उगवते. आणि याच कार्यालयानं सरकारला लेखी कळवलंय की त्या महिन्यात संप झालाच नाही. यातला खरा कागद कोणता? सूचना मागाहून बनवली नाही कशावरून?"

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "यावर कार्यालयाचं काय म्हणणं आहे?"

महामाया उठल्या. "कार्यालयीन नजरचूक" असं म्हणता आलं असतं. ते वाक्य त्यांनी एसटीत घोकलंही होतं. मागच्या बाकांवर बेबीताई आणि वीसेक बाया बसल्या होत्या आणि त्यांच्यात रुपाली होती, उजवा हात पदराखाली घेऊन.

"निरंक अहवाल मी तयार केला," त्या म्हणाल्या. "पाच जानेवारीला. फेब्रुवारी आणि मार्चचाही त्याच दिवशी केला. संप बारा तारखेला सुरू झाला. म्हणजे अहवाल लिहिला तेव्हा जानेवारी घडलाच नव्हता." त्यांनी तिसरा कागद टेबलावर ठेवला. "ही माझी आद्याक्षरं. साहेबांची बदली चोवीसला झाली, तो आदेश सोबत आहे. खोटा कागद तो आहे, साहेब. बायांचा खरा आहे."

वकिलानं आपले कागद गोळा केले. अधिकाऱ्यांनी दोन गोष्टी लिहून घेतल्या. बायांना येत्या आठवड्यापासून कामावर घ्यावं, ही पहिली. महामाया हिवाळे यांच्याविरुद्ध वर कळवावं, ही दुसरी.

बाहेर येऊन महामायांनी प्रतीक्षाला फोन लावला. "लिहून घ्या. संप एक. बाया त्रेसष्ट. पहिले चार दिवस संप, पुढचे पाच मालकाची टाळेबंदी. बुडालेले दिवस एकूण पाचशे सदुसष्ट."

"मॅडम, टोळ्या नऊ-नऊच्या आहेत ना? दहाची अट आहे. वरचे लोक कापतील."

"कापू द्या. मी पाठवणार. कापणाऱ्याची सही लागेल त्यावर."

"आणि बाकीचे महिने? बाकीची वर्षं?" प्रतीक्षाचा आवाज खाली गेला. "तेही निरंक असेच लिहिलेले का?"

महामायांनी मनात हिशेब केला. वीस वर्षं, वर्षाला बारा. "ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

बाया झाडाखाली जमल्या होत्या. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, रुपालीला मध्ये घेतलं होतं. बेबीताई एकटी महामायांकडे चालत आली. तिच्या तोंडावर आनंद दिसत नव्हता.

"आमी कामावर चाललो मॅडम. तुमच्यानं झालं थे. तुमी खरं बोलल्या, थे आमी इसरनार नाई."

"माह्यामुळंच अडलं होतं, बेबीताई."

"थे बी आयकलं." तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. "एक पुसू? थ्या महिन्यात तुमी इथं नोयत्या?"

"नव्हती."

"अन् आमी रोज गेटासमोर होतो. उन्हात बसलेल्या, समद्या जनी. तरी कागदावर आमी गैरहजर अन् तुमी हजर."

उत्तराची वाट न बघता ती वळली आणि मोताळ्याची गाडी गाठायला निघाली.